वर्गणी ज्याची त्याने भरावी

वकिलाला दोन ठिकाणी पैसे भरावे लागतात. एक सनद घेताना, बार कौन्सिलकडे. ते भरल्याशिवाय काळा कोट अंगावर चढत नाही. दुसरे दरवर्षी, आपल्या कोर्टाच्या वकील संघाकडे. हे नाही भरले तरी कोट अंगावरच राहतो, वकीलपत्र दाखल होतं, पुकारा झाला की उभं राहता येतं आणि तारीखही पडते. त्यामुळे पहिल्या पैशांबद्दल आयुष्यात एकदाच कुरकुर होते, दुसऱ्यांबद्दल दर एप्रिलमध्ये नव्याने.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते. वाटपाचे दावे, वहिवाटीची भांडणं, बांध कोरल्याची प्रकरणं, अधूनमधून एखादा वारस दाखला. आमच्या संघाची वर्गणी काही शे रुपये, म्हणजे एखाद्या साध्या नोटिशीच्या फीपेक्षाही कमी. तरी एप्रिल उजाडला की खजिनदारसाहेब पावतीपुस्तक काखेत मारून बार रूममध्ये फिरायला लागतात आणि भले भले वकील खिसे चाचपत "उद्या नक्की" म्हणून सटकतात. दिवसभर दुसऱ्यांच्या थकबाकीच्या नोटिसा लिहिणारी ही माणसं.

नुकतीच सनद मिळालेल्या एका मुलीने मला सरळच विचारलं, "मॅडम, संघ नेमकं देतो काय?" प्रश्न रास्त होता. सनदेची फी भरली की सनद हातात येते, हे तिला कळत होतं. तशी ती नशिबाची. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये, कलम २४ खाली, नोंदणीची फी ठरवून दिलेली आहे : राज्याच्या बार कौन्सिलला ६०० आणि अखिल भारतीय कौन्सिलला १५० मिळून ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. प्रत्यक्षात राज्याराज्यांच्या कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. महाराष्ट्रात हा आकडा पंधरा हजारांच्या घरात गेला होता, आणखी काही राज्यांत त्याहून बराच वर. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमारच्या निकालात सांगितलं, की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या. आधी घेतलेले परत द्यायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. मधल्या वर्षांत सनद घेतलेली पोरं हे वाक्य फार मन लावून वाचतात.

संघाच्या वर्गणीला असा कुठला कायदा नाही. तिथे सभासदांची सभा ठरवेल तो आकडा. बऱ्याच संघांची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली असते, त्यामुळे त्यांची नावं धर्मादाय आयुक्तांच्या रजिस्टरवर असतात. (जाता जाता : देवस्थानांचे आणि शिक्षण संस्थांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्याच्या नोंदी, लढवण्यात हयात गेलेल्या वकिलांच्या स्वतःच्या संघाचा चेंज रिपोर्ट कुठल्या साली शेवटचा मंजूर झाला, हे एकदा विचारून पाहावं. मी विचारलं. विषय बदलला गेला.) बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ च्या नियमांत मात्र एक गंमत करून ठेवली आहे. वकील जिथे काम करतो तिथल्या मान्यताप्राप्त संघाचा त्याने सभासद व्हावं. व्हायचं नसेल तर तसं राज्याच्या कौन्सिलला कळवावं, आणि मग कल्याणकारी योजनांचा लाभ आपण कसा घेणार, याचा खुलासा करावा. होणाऱ्याला पावती, न होणाऱ्याला खुलासा.

त्या मुलीला मी आधी नेहमीची यादी ऐकवली. बसायला खुर्ची, पंखा, पिण्याचं पाणी, कपाटं. कपाटांपाशी आल्यावर तिने मोबाईल वर केला. तिचंही बरोबर होतं. एके काळी संघाची वर्गणी म्हणजे ग्रंथालयाची वर्गणी होती. महाराष्ट्र लॉ जर्नल, बॉम्बे लॉ रिपोर्टर, एआयआर यांचे बांधीव खंड तालुक्याच्या वकिलाला घरी घेणं परवडत नसे. कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि हवा तो खंड नेमका ज्येष्ठांच्या ऑफिसात गेलेला. आता न्यायनिवाडे फोनवर येतात. २०२३ पासून तर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत. आमच्या कपाटांतल्या खंडांवर धूळ आहे आणि त्यांच्या पुढ्यात कोणीतरी हेल्मेट ठेवतं.

तरीही त्या खोलीत एक वस्तू अशी आहे, जी अजून तरी कुठल्या ॲपवर आलेली नाही. मधलं लांब टेबल. दुपारी डबे उघडतात तेव्हा त्या टेबलावर कायदा बोलला जातो. एकदा हाच प्रकार त्या मुलीच्या बाबतीत झाला. रस्ता रुंदीकरणात कुंपण पाडायला आलेल्या सरकारी खात्याविरुद्ध तिने मनाईचा दावा तयार केला होता. कागद नीट टाचलेले, तात्पुरत्या मनाईसाठी ऑर्डर ३९ चा अर्ज जोडलेला, दुपारच्या सत्रात दाखल करायचा. समोर बसलेल्या एका ज्येष्ठांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "सरकार पार्टी आहे ना गं? ऐंशीची नोटीस दिलीस?" सरकारविरुद्ध दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस लागते. दिली नव्हती. पोरीचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "घाबरू नकोस. तातडीचं आहे ना, मग ८०(२) खाली परवानगीचा वेगळा अर्ज टाक. तो आधी पुढे कर, मग ३९ चा." आणि लोणच्याची फोड मागून घेतली. तो अर्ज जोडला नसता तर दावा परत मिळाला असता आणि कुंपण तेवढ्यात गेलं असतं.

याचे त्या ज्येष्ठांनी पैसे घेतले नाहीत, आणि वर्गणी थकलेल्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं. तेव्हा फायद्यासाठी वर्गणी भरा, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. फायदा न भरणाऱ्यालाही मिळतोच. पंखा त्याच्याही डोक्यावर फिरतो.

मला वर्गणीचा अर्थ कळला तो बायकांच्या खोलीवरून. आमच्या कोर्टात बराच काळ महिला वकिलांना बसायला वेगळी जागा नव्हती आणि स्वच्छतागृह होतं ते इमारतीच्या मागच्या बाजूला, पक्षकारांसाठीचं, कडी मोडलेलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना वकिलीचा रीतसर हक्क मिळायला १९२३ चा कायदा यावा लागला. आम्हाला कोर्टात उभं राहायचा हक्क जन्मतः होता, फक्त दिवसभर पाणी न पिता. आम्ही चौघी-पाचजणी वार्षिक सभेत हा विषय काढायला उठलो. सचिवांनी सभासदांचं रजिस्टर उघडलं, नावांवरून बोट फिरवलं आणि अत्यंत विनयाने सांगितलं, "ताई, थकबाकीदारांना सभेत विषय मांडता येत नाही." आमच्यापैकी एकीचीच वर्गणी चालू होती आणि तिला बोलायची भीती वाटत होती.

राग आला, पण संघाची घटना, म्हणजे नियमावली, त्यांच्या बाजूची होती. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही सगळ्या महिला वकिलांनी, ज्या वर्षातून चार वेळा कोर्टात यायच्या त्यांनीसुद्धा, एकाच दिवशी पावत्या फाडल्या. खजिनदारसाहेब चक्रावले. पुस्तक संपलं, दुसरं आणावं लागलं. त्या वर्षीच्या सभेत ठराव आला तेव्हा हात वर करायला पुरेसे हात होते. मग संघाच्या लेटरहेडवर जिल्हा न्यायाधीशांना पत्र गेलं, तिथून बांधकाम खात्याकडे, आणि सरकारी गतीने का होईना, खोली झाली. कडीसकट. सुट्या सुट्या आम्ही किती अर्ज केले होते, त्याला कोणी जावक क्रमांकही दिला नव्हता.

तेव्हापासून मला वाटतं, की ही वर्गणी म्हणजे सभेत तोंड उघडायचा परवाना आहे. आणि परवाना ज्याच्या पैशाने निघतो, त्याचाच असतो.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. संघाच्या निवडणुका लागल्या की आमच्याकडे एक चमत्कार होतो. दोन-दोन वर्षं थकलेली वर्गणी एका आठवड्यात जमा होते. यादीत असे सभासद उगवतात ज्यांचं तोंड बार रूमने पाहिलेलं नाही : कोणी जिल्ह्याला काम करतो, कोणी बँकेत नोकरी धरलेली, कोणी फक्त भाडेकरार आणि नोटरी. त्यांच्या पावत्या एकाच अक्षरात, सलग नंबरांच्या. पैसे उमेदवाराने भरलेले. कोणी लपवतही नाही. "तुमची पावती झालीय बरं का वहिनी," असं मला एका उमेदवाराने जिन्यात सांगितलं होतं, जणू माझ्यासाठी चहा सांगितलाय. मी खजिनदारांकडे जाऊन माझ्या पैशाची वेगळी पावती मागितली. त्यांनी डोक्याला हात लावला, कारण एका सभासदाच्या एका वर्षाच्या दोन पावत्या हिशेबात कुठे दाखवायच्या? शेवटी पहिली रद्द केली. उमेदवार निवडून आला. माझ्याशी दोन वर्षं तो फार जपून बोलायचा.

हे फक्त तालुक्याचं दुखणं नाही. मतापुरते येणारे सभासद ही दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनचीही डोकेदुखी होती. दुसऱ्या कोर्टांत काम करणारे, दुसऱ्या संघांत मत देणारे वकील इथेही मतदानाला येत. 'एक वकील, एक बार, एक मत' हा नियम असोसिएशनने केला, त्यावर वाद झाला आणि २०११ मध्ये बी. डी. कौशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. नियम चांगला आहे. पण मत एकच असलं तरी त्याची पावती कोणी फाडली, हे त्याला कळत नाही.

कोणी म्हणेल, मॅडम, काही शे रुपयांचा एवढा बाऊ कशाला? बाऊ यासाठी, की संघ नुसता पंखे दुरुस्त करत नाही. तो ठराव करतो, आणि त्या ठरावावर माझं नाव नसलं तरी 'सर्व वकील' असा शब्द असतो. एखादा अंगावर काटा आणणारा गुन्हा घडतो, गाव पेटलेलं असतं आणि संघाची तातडीची सभा ठराव करते, की या आरोपीचं वकीलपत्र कोणीही घेऊ नये. टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कोइमतूरच्या संघाने असाच ठराव काही पोलिसांच्या बाबतीत केला होता. ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं, की देशातल्या कुठल्याही बारचा असा ठराव बेकायदा आणि शून्यवत आहे. संबंधित नियम तर वकिलीच्या आचारसंहितेत आधीपासून आहे : आपण ज्या कोर्टात काम करतो तिथलं काम योग्य फी मिळत असेल तर, खास कारण नसताना, नाकारायचं नाही. निकाल स्पष्ट आहे. ठराव तरीही होतात. अशा सभेत उठून "साहेब, हे चालणार नाही" म्हणायला किती बळ लागतं ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळणार नाही. आणि ते म्हणणाऱ्याची पावती जर दुसऱ्या कोणी फाडलेली असेल, तर तो उठणारच नाही.

काम बंदचंही तसंच. हरीश उप्पल प्रकरणात २००२ मध्ये घटनापीठाने वकिलांना संपाचा हक्क नाही, लाक्षणिकसुद्धा नाही, असं ठरवलं. निषेध करायचा तर पत्रक काढा, काळी-पांढरी फीत लावा, कोर्टाच्या आवाराबाहेर धरणं धरा. बार-बेंचची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्यच पणाला लागलं, तर अगदी अपवाद म्हणून एका दिवसाच्या बहिष्काराकडे न्यायालयं काणाडोळा करू शकतील, तेही अध्यक्षाने आधी न्यायाधीशांशी बोलून. त्या निकालातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे : संपाची हाक न मानणाऱ्या वकिलावर संघाने कसलीही कारवाई करू नये, सभासदत्वावरून काढायची धमकीही देऊ नये. हा भाग बार रूमच्या फलकावर लावलेला मी कुठे पाहिला नाही.

आता हे सगळं लिहून झाल्यावर कोल्हापूरचं सांगायलाच हवं, नाहीतर मी एकांगी ठरेन. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना उच्च न्यायालय जवळ हवं, ही मागणी चाळीस वर्षांहून जुनी. मराठवाड्यासाठी औरंगाबादला १९८१ मध्ये बसायला सुरुवात झाली आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ आलं. आम्ही मात्र महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर मुंबईला. वाटपाच्या दाव्यातलं दुसरं अपील म्हणजे पक्षकार बहुधा सत्तरीचा, फाईल पिशवीत, सीएसएमटीवर उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत फोर्टात, आणि दुपारी कळणार की बोर्डावर नंबरच आला नाही. वकिलाची फी निराळी, लॉजचं भाडं निराळं. कित्येकांनी अपील केलंच नाही. हक्क होता, गाडीभाडं नव्हतं.

या मागणीचं ओझं वर्षानुवर्षं वाहिलं ते जिल्ह्या-तालुक्यांच्या संघांनी. कृती समितीच्या बैठका, मुख्य न्यायमूर्तींकडे शिष्टमंडळं, मुख्यमंत्र्यांकडे निवेदनं, प्रत्येक नव्या मुख्य न्यायमूर्तींपुढे तीच फाईल पहिल्यापासून. जेवणाच्या पानावर खर्च झालेला पैसा आणि या कामी खर्च झालेला पैसा एकाच वर्गणीतला, हे मी खजिनदारांच्या हिशेबात पाहिलेलं आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी काढलेल्या एका अधिसूचनेवर. एवढंसं कलम, आणि त्याच्यापायी दोन पिढ्यांचे अध्यक्ष निवृत्त झाले.

मधल्या वर्षांत काम बंदही झालं होतं, २०१३ मध्ये तर बरंच लांबलं. त्यामुळेच बेंच मिळालं, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. त्या दिवसांत माझ्या एका पक्षकाराची मनाई हुकुमाची मुदत वाढवायची राहून गेली होती, आणि शेजाऱ्याने तेवढ्यात जेसीबी आणला. बेंच मिळालं ते न थकता केलेल्या पत्रव्यवहाराने, असं माझं मत, आणि पत्रव्यवहार करायला लेटरहेड, टपाल आणि चाळीस वर्षं टिकणारी संस्था लागते. बेंचचा फायदा वर्गणी बुडवणाऱ्यालाही तितकाच झाला. तो आता तासाभरात कोल्हापूरला पोचतो आणि संघाने काय केलं म्हणून विचारतो. विचारू दे.

यंदाच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला : वर्गणी सभासदाने स्वतःच्या खात्यातून, ऑनलाइनच भरावी, दुसऱ्याच्या नावाने रोख रक्कम घेऊ नये. अपेक्षेप्रमाणे माजी पदाधिकारी गप्प बसले. विरोध आला तो भलतीकडून. ८०(२) सांगणारे तेच ज्येष्ठ उठले. म्हणाले, "ताई, मी गेली कित्येक वर्षं माझ्या ज्युनिअरांची वर्गणी भरतोय. पोरांना पहिली तीन-चार वर्षं काही मिळत नाही. ते काय मतं विकत घेणं आहे?" सभागृहात माना डोलल्या, माझीही डोलली. ती नवी मुलगी त्यांच्याच ऑफिसात लागलीय, तिची पावती त्यांनीच फाडलेली. मी उपसूचना दिली, की सनदेची पहिली पाच वर्षं वर्गणी माफ करावी, म्हणजे कोणाला कोणाची भरायलाच नको. खजिनदारांनी लगेच आकडेमोड करून दाखवली, की मग पंख्यांचं बिल कोण देणार. सचिवांनी तोडगा काढला : विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब, तोवर तिघांची समिती. समितीत माझं नाव आहे, त्या ज्येष्ठांचं आहे आणि तिसरं त्या मुलीचं आहे. पहिली बैठक तिनेच बोलावलीय, शनिवारी कोर्ट सुटल्यावर, आणि येताना प्रत्येकाने संघाची घटना वाचून यावी असं तिने व्हॉट्सॲपवर कळवलंय. घटनेची प्रत खजिनदारांकडे मिळत नाहीये. धर्मादाय कार्यालयातून नक्कल मागवायला अर्ज टाकलाय.